कोकणातली लाइन आणि आमची वहिनी

मी सात वर्षं खोटं बोललो ते समुद्राच्या जिवावर, आणि समुद्र मी तोवर पाहिलाही नव्हता.

सोनगीरजवळच्या आमच्या गावात रेल्वेच्या पाहणीची माणसं आली, तेव्हा माझा थोरला भाऊ त्यांच्यात मोजणीची साखळी ओढायला लागला. धुळ्यावरून लाइन जाणार म्हणे. शेताशेतांतून खुंट्या ठोकल्या, वर्षभरात बायकांनी त्या चुलीत घातल्या, आणि लाइन कागदावरच राहिली. पण साहेबाला भावाचं काम आवडलं होतं. कोकणात समुद्राकाठानं लाइन न्यायचीय, तिकडे पाहणीला चल, म्हणाला. भाऊ गेला. लग्नाला तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. वहिनी तेव्हा एकवीस-बावीसची असेल.

वडील आधीच वारलेले. घरात माय, वहिनी आणि गावच्याच शाळेत नुकताच मास्तर झालेला मी. वाचता येणारा मी एकटा, म्हणून भावाची पत्रं मीच वाचून दाखवायचो. पहिली दोन वर्षं खरी वाचली. पाऊस चार-चार महिने थांबत नाही, भरतीला खुंट्या पाण्याखाली जातात, भाकरी मिळत नाही, दोन्ही वेळा भातच. वहिनी पदर तोंडाला लावून हसायची.

तिसऱ्या वर्षीच्या पत्रात भावानं लिहिलं होतं की खाडीकाठच्या एका गावात त्यानं दुसरा संसार मांडलाय, तो आता परत येणार नाही. हिला स्पष्ट सांगा, हिच्या माहेरी कळवा, हिचा पाट लावून द्या, माझी हरकत नाही. आमच्यात बाईचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, त्यात काही लपवण्यासारखं नाही. भाऊ वाईट वागला हे खरंच, पण निदान तिला मोकळं करायला सांगून गेला होता. ते आम्ही केलं नाही.

मी पत्र आधी मायला एकटीला वाचून दाखवलं.  माय म्हणाली, "हाई गयी तं म्हशीसनं कोन करी?" झालं. एवढाच विचार आमच्या घरात झाला. मलाही पटला. दोन म्हशी, कापसाची वेचणी, पाणी, भाकरी, सगळं वहिनीच्या अंगावर होतं, आणि मला शाळेत जाताना ताजी भाकरी लागायची. संध्याकाळी ओसरीवर बसून मी वहिनीला तेच पत्र वाचून दाखवलं, की सगळी लाइन मोजून झाली, फक्त एका खाडीवरच्या पुलाचं माप राहिलंय, लाइन मंजूर झाली की रजा मिळेल. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा वाचायला लावलं. मी पुलाच्या जागी बोगदा म्हणालो.

"काल तर पूल म्हणाला होतात, भाऊ," ती म्हणाली.

पूल आणि बोगदा दोन्ही आहेत, मी खेकसलो. ती बिचारी ओशाळली.

त्या लाइनीनं मला फार मदत केली. दुसरी कुठली सबब असती तर वर्षा-दोन वर्षांत उघडी पडली असती. पण कोकणची लाइन पेपरात दर वर्षी यायची. पाहणी झाली, अहवाल गेला, प्रस्ताव विचारात आहे. मी पेपर आणून वहिनीसमोर बोट ठेवून वाचायचो, त्यातलं एक अक्षर खोटं नसायचं. विहिरीवर बायका तिला चिडवायच्या, "कोठलोंग उनी वो तुन्ही गाडी?" ती म्हणायची, "खाडीलोंग उनी," म्हणजे खाडीपर्यंत आली. मी जवळून जात असलो तर मलाही हसू यायचं. लाज वाटायला हवी होती, पण यायचं हसूच.

मग भावाला मुलगा झाल्याचं पत्र आलं. त्यानंतर महिन्याभरात वहिनीचा भाऊ एसटीनं आला. अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत काम करणारा एक बिजवर होता, सज्जन माणूस, पोरंबाळं नाहीत. पंचांशी बोलणं झालं होतं. वहिनी हो म्हणाली की उठून जायचं, एवढंच बाकी होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, तुम्ही सांगा. येतील का ते?"

मुलगा झाल्याचं पत्र माझ्या खिशात होतं. "पुढच्या वर्षी नक्की," मी म्हणालो.

तिचा भाऊ एकटाच परत गेला. ती त्याला वेशीपर्यंत पोचवून आली आणि सरळ म्हशी सोडायला गेली.

पुढं चार-पाच वर्षांनी कोकणातून भावाचं पत्र आलं, मुलाचा ताप उतरत नाही. मायनं हाय खाल्ली. आमच्याकडे श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू घेताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ घ्यायची असते. तो घरी असो, परमुलखात असो, पाळण्यात असो, एकही वगळायचा नाही. आमच्या घरात दरसाल दोघांच्या मुठी निघायच्या, भावाची आणि माझी. नातू झाल्यापासून वहिनीला कळेल म्हणून मायनं त्याची मूठ घेतलीच नव्हती, आणि आता तिला वाटलं की पोराचा ताप त्यामुळंच. मला दुनियेभरचं खोटं बोलायला लावणारी माय कानबाईला मात्र खोटं सांगायला तयार होईना. वहिनी जात्यापाशी बसली होती. तिच्यासमोर मायनं तिसरी सव्वा मूठ सुपात टाकली.

वहिनीनं सुपाकडे पाहिलं. "हाई कोनी मूठ शे?"

माय रडायला लागली. मग वहिनीनं मला विचारलं, "केवढा शे?"

"पाच वर्षांचा," मी म्हणालो. शाळेतल्या पोरांची वयं सांगावीत तसं सांगून टाकलं.

तिनं हिशेब केला असावा, कारण थोड्या वेळानं म्हणाली, "मन्हा भाऊ उना व्हता, तवय तुमले माहीत व्हतं?"

मी हो म्हणून मान हलवली. तिनं शिवी दिली नाही, कपाळ बडवलं नाही. तिन्ही मुठींचे गहू दळून दिले, रोट झाले, मायनं आणि मी बसून खाल्ले. देवी विसर्जन करून आलो, तेव्हा ती ओसरीवर पोस्टकार्ड घेऊन बसली होती. लिहा, म्हणाली. माझ्या भावाला लिहा, तो अमळनेरचा माणूस अजून असेल तर मी यायला तयार आहे, नसेल तर नुसतीच घरी घेऊन जा. मी ती सांगेल तसं लिहिलं. लिहिताना मनात एकच होतं, ही गेली तर म्हशींचं काय.

पंधरा दिवसांनी तिच्या भावाचं उत्तर आलं. ती हात पुसत पुढं येऊन बसली. त्या माणसानं तेव्हाच दुसरीकडे पाट लावला, त्याला आता दोन मुलं आहेत. आमच्या घरात जागा नाही, आणि तुझी भावजय म्हणते, तेव्हा बोलावलं तर आली नाहीस, आता कशाला. जिथं आहेस तिथंच राहा.

हे पत्र मात्र मी एक अक्षरही न बदलता वाचलं. सही कोणाची, तारीख कोणती, तेही वाचलं. तिनं ऐकून घेतलं, उठली, आणि विचारलं, संध्याकाळी भाकरी किती टाकू.