शिडी धरणारे अण्णा

गेल्या महिन्याची सात तारीख, रविवार, सकाळचे पावणेसात. कात्रपमधल्या आमच्या सोसायटीच्या अडचण निधीत अकरा हजार चारशे रुपये शिल्लक होते आणि जिन्याखाली आम्ही तिघे हजर होतो: अध्यक्ष शैलाताई, सेक्रेटरी पराग आणि खजिनदार म्हणून मी. जिन्याखालच्या बैठकीला चौथा माणूस कायम असायचा. तो समितीत नव्हता, त्याला कुणी बोलावत नसे, आणि तरी त्याची एकही गैरहजेरी मला आठवत नाही. त्या दिवशी त्याची एक हात तुटलेली प्लास्टिकची खुर्ची रिकामी होती. अण्णा पहाटे झोपेतच गेले होते... आणि बैठक त्यांच्याबद्दलच होती.

परागने घसा खाकरला. "ताई, ते मीटिंगमध्ये ठरलं होतं... म्हणजे तुम्ही खरंच जाणार?"

"आधी गाडीवाल्याला फोन लाव," शैलाताई म्हणाल्या. "मी साडी बदलून येते."

पराग नेमकं काय विचारत होता, हे सांगायला चार वर्षं मागे जावं लागेल. आणि त्याआधी अण्णा कोण, हे सांगावं लागेल.

अण्णा मूळचे कुळगावचे. नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात, फोरमन म्हणून. तीस वर्षं मशीनच्या वरताण आवाज काढून बोलायची सवय. निवृत्तीनंतर मशीन सुटली, आवाज राहिला. चौथ्या मजल्यावर ते काकूंना "चहा टाक" म्हणाले की तळमजल्यावर आमची ही विचारायची, आपणही घ्यायचा का? मूलबाळ नव्हतं. दोघांचा संसार, आणि उरलेला वेळ सोसायटीला. आमची बिल्डिंग अठ्ठावीस फ्लॅटची. कुणी कोल्हापूरहून आलेलं, कुणी जळगावहून, कुणी परळच्या चाळीतून. पहिल्या वर्षी कुणी कुणाला ओळखत नव्हतं, आणि त्याच वर्षी शैलाताईंचा नवरा कामावरून येऊन पायऱ्यांवरच कोसळला. घरात शैलाताई आणि शाळेतली मुलगी. नातलग दूर. अण्णा सोसायटीत कुठल्याच पदावर नव्हते, पण चपला घालून तेच पुढे झाले. गाडी आणली, स्मशानात नाव लिहिलं, लाकडं बघून घेतली, शेवटचा माणूस निघेपर्यंत थांबले. मीही गेलो होतो. चार तासांनी परत आलो तेव्हा शैलाताई दारातच बसून होत्या. अण्णा त्यांना एवढंच म्हणाले, "झालं." 

त्या दिवशी अण्णांनी केलं ते पुढे अध्यक्षाचं काम ठरलं आणि आमच्याकडे पद्धत पडली, मयताला अध्यक्ष पुढे. कुणाचं कोणी असो-नसो, सोसायटीचा अध्यक्ष गाडीत पुढे बसणार आणि शेवटपर्यंत थांबणार. अडचण निधी त्यासाठीच सुरू झाला.

चार वर्षांपूर्वी जुने अध्यक्ष मुलाकडे पुण्याला गेले आणि गच्चीवरच्या सभेत परागने शैलाताईंचं नाव सुचवलं. शैलाताई उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या जीन्सच्या कारखान्यात सुपरवायझर. चाळीस कारागीर हाताखाली. नाव पुढे आल्याबरोबर अण्णा उभे राहिले.

"शैलाबाईंना माझा विरोध नाही. बाई सोन्यासारखी आहे. पण अध्यक्ष पुरुष पाहिजे."

पराग म्हणाला, "अण्णा, कमाल करता. देशाला राष्ट्रपती बाई चालते आणि आपल्या अठ्ठावीस फ्लॅटला चालत नाही?"

"चालणारच देशाला!" अण्णा गरजले. "राष्ट्रपतींना टाकीवर चढायला लागतं का? टँकरवाल्याशी भांडायला लागतं का? एवढा मोठा बंगला तो, पण पंपाची मोटर कोण चालू करणार याची चिंता त्यांना आहे का? तिथं बाई असो, बुवा असो, काम सह्यांचं. इथं काम अंगाचं आहे."

म्हणजे पद जितकं लहान तितकी पुरुषाची गरज जास्त, असा त्यांचा हिशेब होता. मी आयुष्यभर हिशेबच केले आहेत. हा कुठे चुकतो ते मला तिथल्या तिथे सांगता आलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडे वहिनी मात्र तावातावाने उठल्या. "म्हणूनच! इतकी वर्षं पुरुषच होते ना? आता बाईच पाहिजे. शैलाताई बाई आहेत, हेच त्यांना निवडायचं कारण!"

शैलाताई तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, बाई म्हणून देऊ नका. अण्णा, बाई म्हणून नाकारू नका. पाण्याचं बिल गेल्या वर्षी कुणी भांडून कमी करून आणलं ते आठवा, आणि मग काय ते ठरवा."

"म्हणजे अध्यक्षाची सगळी कामं करणार?" अण्णांनी विचारलं.

"सगळी."

"टाकी?"

"हो."

"टँकर?"

"हो."

मग अण्णा नेहमीपेक्षा हळू म्हणाले, "मयत?"

 कुळगावच्या अण्णांच्या घरात बायका स्मशानात जात नाहीत, आणि तेव्हा आमच्या बिल्डिंगमधूनही कुणी बाई गेली नव्हती. शैलाताई स्वतःच्या नवऱ्याच्या वेळीही गेल्या नव्हत्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्या क्षणभर टाकीकडे बघत राहिल्या.

"लिहा," त्या परागला म्हणाल्या. "मयताला अध्यक्ष पुढे. लिहा तसंच."

"गेलात तर एकावन्न रुपये माझ्याकडून," अण्णा म्हणाले. "जिन्याखाली, सगळ्यांसमोर. पण नाही जाणार तुम्ही."

मग मतदान. अण्णांनी विरोधात हात इतका वर केला की उभंच राहायचं बाकी होतं. परागने नियम दाखवला: फ्लॅट काकूंच्या नावावर आहे, मत काकूंचं. इतकी वर्षं सभा गाजवणाऱ्या या माणसाला मतच नव्हतं, हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं, अण्णांनाही नसावं. काकूंनी पदर सावरला आणि शैलाताईंच्या बाजूने हात वर केला.

"घरी चल, बोलू आपण," अण्णा दात आवळून म्हणाले.

"चला की," काकू म्हणाल्या. "घर माझ्याच नावावर आहे."

शैलाताई बारा विरुद्ध आठ मतांनी निवडून आल्या.

दुसऱ्याच आठवड्यात टाकीचा बॉल कॉक अडकला. शैलाताई कारखान्यातल्या रिजेक्ट मालातली जीन्स घालून, वर कुर्ता, केसांचा बुचडा बांधून गच्चीवर हजर. खाली शिडी धरून अण्णा. "पडलात तर मी जबाबदार नाही," असं ते प्रत्येक पायरीला बजावत होते आणि शिडी मात्र दोन्ही हातांनी, पायाचा टेकू देऊन, जीव काढून धरत होते. त्या दिवशी मला कळलं की अण्णा स्वतः कधीच टाकीवर चढले नव्हते. त्यांना चक्कर यायची. जुने अध्यक्ष चढायचे तेव्हाही शिडी अण्णाच धरायचे. अंगाचं काम म्हणून ते जे सांगत होते, त्यातला त्यांच्या वाटणीचा भाग जमिनीवरचा होता.

टँकरचं तर विचारूच नका. टँकरवाला अर्धा टँकर ओतून निघायच्या बेतात होता. शैलाताई चाकापाशी उभ्या राहिल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "साईं, झाकण खोलो. माल गिनके लेते हैं हम." टँकरवाला सिंधी नव्हता, पण शेठकडून उचललेल्या त्या 'साईं'मध्ये काहीतरी असं होतं की त्याने झाकण उघडलं. अण्णा गॅलरीतून सगळं बघत होते. संध्याकाळी खुर्चीत बसताना म्हणाले, "टाकी झाली. टँकर झाला. मयत राहिलंय."

आणि मयत राहिलंच. चार वर्षं बिल्डिंगमध्ये कुणी मेलं नाही. सोसायटीच्या इतिहासात हा चांगला काळ म्हणायला हवा, पण अण्णांना तो अन्याय वाटायचा. "बाईचं नशीब बघा," ते मला म्हणायचे. "हिच्या राज्यात मरायलाच कुणी तयार नाही." पहिल्या मजल्यावरचे देशमुख आजोबा, वय शहाऐंशी, थंडीत खोकायला लागले की अण्णा दोनदा जाऊन विचारपूस करून यायचे. आजोबांनी एकदा त्यांना दारातच थांबवलं. "अण्णा, औषध घेतलंय मी. तुमच्या वादापायी मी मरणार नाही."

शैलाताई जिन्यावरून उतरत होत्या. "अण्णा, तुम्हीच काहीतरी करा मग."

"वा! म्हणजे मी जायचं आणि मजा मला बघायलाही मिळायची नाही? तसलं काम मी करत नसतो."

शनिवारी, म्हणजे अण्णा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी, मी भाजी घेऊन आलो तर दोघंही जिन्याखाली होते. अण्णा खुर्चीत, शैलाताई पायरीवर. अण्णांनी आवाज खाली आणला होता, हे मला तेव्हाच विचित्र वाटलं.

"खरंच जाल का हो तुम्ही?"

"लिहून दिलंय ना."

"लिहिलंय म्हणून?"

शैलाताईंनी पिशवीतला एक पेरू काढून त्यांच्या हातात दिला. "अण्णा, दात आहेत तोवर खाऊन घ्या..." अण्णा हसले. माझ्यासमोर शेवटचं ते तेवढंच.

रविवारी साडेआठपर्यंत कुळगावहून पुतणे आले. थोरला मधुकर, भला माणूस, डोळे लाल झालेले. अग्नी तोच देणार होता. अण्णांना खाली आणलं, गाडी आली, आणि पांढऱ्या साडीतल्या शैलाताई गाडीचं पुढचं दार उघडायला लागल्या.

"ताई, तुम्ही कुठं?" मधुकर गोंधळला. "आमच्यात बायका येत नाहीत."

"मी बाई म्हणून येत नाही, मधुकरभाऊ. अध्यक्ष म्हणून येतेय."

"अध्यक्ष असलात तरी... बाईच ना?"

पराग पुढे झाला, काहीतरी नियम सांगायला लागला, मधुकरचा धाकटा भाऊ चढ्या आवाजात बोलायला लागला. देशपांडे वहिनींनी तोंड उघडलं आणि मला वाटलं, आता अण्णा राहतील बाजूला आणि इथं सभा भरेल. तेवढ्यात काकू जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. 

"जाऊ दे रे तिला, मधू. चार वर्षं हा माणूस तेवढ्यासाठी थांबला होता."

"पण काकू, घरची रीत..."

"कुठल्या घरची? घर माझ्या नावावर आहे."

आमच्यातल्या दोघा-तिघांना हसू आलं, आणि अशा वेळी हसू आलं म्हणून लाज वाटली. मग पाहिलं तर मधुकरच्या ओठांवरही तेच. त्याने डोळे पुसत दार धरलं आणि म्हणाला, "बसा ताई." नंतर तो काकूंकडे वळला. "मग तू पण येतेस का?"

"मी अध्यक्ष आहे का? माझे गुडघे दुखतात. मी इथंच बसते." आणि त्या अण्णांच्या खुर्चीत बसल्या.

स्मशानात शैलाताईंनी नाव, वय, पत्ता सांगितला. कारकुनाने विचारलं, "मयताशी नातं?" त्या म्हणाल्या, "अध्यक्ष." तो म्हणाला, "बाई, असं नातं नसतं." मग त्यांनी 'शेजारी' लिहायला सांगितलं. लाकडं आली तेव्हा दोन ओंडके एकमेकांवर आपटून पाहिले, कापडाचा पोत बघावा तसा हात फिरवला आणि म्हणाल्या, "ही ओली आहेत. बदलून आणा." लाकडं आणणाऱ्याने ती बदलून आणली.

हे सगळं मी अपेक्षिलं होतं. एक गोष्ट मात्र मी धरली नव्हती. शैलाताई मधून मधून बाजूला जात होत्या आणि फोनवर हळू बोलत होत्या. मला वाटलं, कारखान्यातून फोन असेल. जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. "काकू, आता पाणी पाजलं. मधुकरने पाजलं... हो, हार तुमचाच वर ठेवलाय... आता अग्नी देतायत. तुम्ही बसा, फोन ठेवू नका." शेवटपर्यंत हे चाललं होतं.

अध्यक्ष निवडताना बाई की पुरुष हे बघावं का, यावर आमच्याकडे चार वर्षं बोलणं झालं. बघू नये, असं माझं मत होतं आणि आहे. टाकीला, टँकरला, ओल्या लाकडाला त्याने काही फरक पडला नाही. राष्ट्रपतींच्या बंगल्यातलं मला ठाऊक नाही, पण तिथंही बहुधा पडत नसावा. फक्त त्या फोनपाशी मी अडकतो. आम्ही इतके पुरुष इतक्या वेळा स्मशानात गेलो. घरी बसलेल्या बाईला फोन करावा हे आमच्यापैकी कुणालाही कधी सुचलं नाही. जिला एकदा घरी बसवलं होतं तिलाच सुचलं. हे कोणत्या बाजूला मांडायचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. अण्णा असते तर त्यांनी ते मोठ्या आवाजात मांडून टाकलं असतं, आणि बहुधा चुकीच्या बाजूला.

परत आलो तेव्हा काकू खुर्चीतच होत्या. शैलाताई समोर उभ्या राहिल्या. "झालं," असं त्यांना म्हणावं लागलंच नाही. काकू म्हणाल्या, "माहितीये. जा, आंघोळ कर."

परवा पुन्हा बॉल कॉक अडकला. शैलाताई जीन्स घालून गच्चीवर गेल्या आणि शिडीपाशी थांबून इकडेतिकडे बघू लागल्या. मी पुढे होणार, तोच काकू गुडघे धरत धरत वर आल्या. अण्णांची खुर्ची त्यांनी परागकडून आणवली, शिडीला लावली, वर बसल्या आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. "चढ," त्या म्हणाल्या. "पडलीस तर मी जबाबदार नाही."

राहिला हिशेब. अडचण निधीतून सहा हजार आठशे खर्च झाले: गाडी, सामान आणि लाकडं धरून. दहाव्याला मधुकरने ते पूर्ण आणून भरले. तेराव्याच्या संध्याकाळी काकू जिन्याखाली आल्या. बिल्डिंगमधले बहुतेक सगळे होते, देशमुख आजोबासुद्धा. काकूंनी अण्णांच्या शर्टाच्या खिशातलं पाकीट उघडलं, एक पन्नासची नोट काढली, वर एक रुपयाचं नाणं ठेवलं आणि शैलाताईंच्या हातावर ठेवून त्यांची मूठ मिटली. शैलाताई नको म्हणाल्या नाहीत. एकावन्न रुपये, अण्णांकडून शैलाताईंना, जिन्याखाली, सगळ्यांसमोर.