उभ्यानं ओळखलेला माणूस

मल्लूअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बार्शीत, घराच्या गच्चीवर टाकीत पाणी किती आहे ते बघत होतो. फोन त्यांच्या सुनेचा होता. "काका, मामा गेले सकाळी. चहा मागितला, आणि मी आणेपर्यंत…" एवढं बोलून ती थांबली. "निघतो," म्हणालो आणि बराच वेळ शिडीला धरून नुसता उभा राहिलो. सव्वा महिना झाला त्याला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर सगळं रडगाणंच झालं असतं, आणि अण्णांना रडगाण्याचा भारी कंटाळा.

मल्लूअण्णा, म्हणजे वळसंगचे मल्लिनाथअण्णा, एसटीच्या लाल गाडीचे ड्रायव्हर आणि मी त्यांचा कंडक्टर. सोलापूर ते बार्शी, मधे वैरागचा चहा, आणि तसंच परत. अकरा वर्षं आमची जोडी होती. वयानं ते सहा-सात वर्षांनी मोठे, पण मला 'मास्तर' म्हणायचे आणि अहोजाहो करायचे. खरं सांगायचं तर मी त्यांना तोंडानं कमी आणि पायांनी जास्त ओळखत होतो. ते पुढं बघत बसलेले, मी मागं तोंड करून उभा. हातात तिकिटांचा पसारा, त्यामुळे दांडी धरायला हात मोकळा नसायचाच. गाडी कुठं आली हे खिडकीतून बघायची मला गरज पडत नसे. ते तळव्यांना कळायचं, आणि गुडघे आपले आपण वाकायचे. अण्णा थांबा यायच्या बऱ्याच आधीपासून वेग उतरवत आणायचे, आणि गाडी थांबता थांबता ब्रेकवरचा पाय किंचित सैल सोडायचे, म्हणजे शेवटचा हिसका बसत नसे. अण्णांच्या गाडीत उभ्यानं डुलकी लागते, असं लोक म्हणायचे. मलाही लागली आहे, पण ते साहेबांना कधी सांगितलं नाही.

माझी मुलगी वैशाली नववीत असताना विज्ञानाच्या चाचणीत नापास झाली. मी तिच्यावर इतका चिडलो होतो की त्या रविवारी गाडीत तिला पुस्तक घेऊन पुढच्या सीटवर बसवली. वैरागला चहा पिताना अण्णांनी तिला विचारलं, काय पाठ करतीयास? ती म्हणाली, "बलं संतुलित असली की वस्तू स्थिर राहते." अण्णांनी बशी खाली ठेवली.

"आन चालती वस्तू आसंल तर?"

वैशालीनं माझ्याकडं बघितलं. मी चहावर फुंकर घातली, कारण मलाही येत नव्हतं.

"इंजन गाडीला फुडं रेटतंय. वारं आन रस्ता मागं वडत्यात. दोघांचा जोर सारका झाला की गाडी थांबती व्हय? न्हाय. हाय त्याच चालीनं जात ऱ्हाती. तवा तुजा बाप हात सोडून तिकिटं देतोय, बगितलंस की न्हाय? त्याला वाटतंय आपन घरात उभं हाय."

"मग जोर आहे हे कळतं कधी?"

"एकाचा वाढला की. मी ब्रेक दाबला की बग तुज्या बापाकडं."

पुढं जाऊन त्यांनी मुद्दाम जरा जोरात ब्रेक दाबला, आणि मी धडपडताना पाहून माझी मुलगी पोट धरून हसली. वार्षिक परीक्षेत ती पास झाली. दहावीला तर मी अण्णांना पेढे नेऊन दिले.

आता ती गोष्ट सांगायलाच हवी, जिच्यासाठी खरं तर हे लिहायला बसलो. जनावरासाठी हॉर्न आणि माणसासाठी ब्रेक, हा अण्णांचा नियम होता. उभी माणसं भरलेली असताना जनावरासाठी कचकन ब्रेक मारायचा नाही, म्हणजे नाही. एका बाजाराच्या दिवशी गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. वैराग सोडून उतार लागला होता. एका म्हाताऱ्याला उतरायचं होतं म्हणून मी पुढं वळून घंटीच्या दोरीकडं हात वर केला, आणि गाडी अशी थांबली की मी सरळ ड्रायव्हरच्या मागच्या दांडीवर तोंडावर आदळलो. पुढचा दात तुटून हातात आला. माणसं एकमेकांवर पडली, एका बाईचं मनगट मुरगळलं. काचेतून बघणारा कोणीतरी म्हणाला, कोकरू होतं, गेलं पलीकडं. माझं डोकंच फिरलं. सगळ्या गाडीसमोर अण्णांना नको नको ते बोललो. एका कोकरापायी साठ माणसं आपटलीत, उद्यापासून बैलगाडी हाका, असं म्हणालो. अण्णांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले, त्या बाईला पाणी दिलं आणि परत जागेवर बसले. संध्याकाळी डेपोत जाऊन मीच जोडी बदलून मागितली.

दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. वाटेतल्या वडाळ्याचा थांबा जवळ आला तशी सवयीनं मी ब्रेकच्या आधीच अंग कलतं केलं. पण या गड्यानं ब्रेक दाबलाच नाही. गाडी त्याच चालीनं चालली होती आणि माझा तोल मीच घालवला. जाऊन एका आजींच्या मांडीवरच्या मेथीत पडलो. अशी दीड-दोन महिने माझी आपटाआपटी चालली होती. शेवटी मुकाट्यानं कंट्रोलरकडं गेलो आणि जुनी जोडी परत मागितली. दुसऱ्या दिवशी अण्णा एवढंच म्हणाले, "चला मास्तर, बेल मारा." मी दोन घंट्या दिल्या. माफी काही मागितली नाही. मनातून मला अजून वाटत होतं की चूक त्यांचीच होती.

ते जायच्या तीन महिने आधी मी वळसंगला गेलो होतो. अण्णांचे पाय थरथरायचे, उठून उभं राहताना दोन्ही बाजूंनी धरावं लागायचं. मला बघून पहिलं वाक्य, "दात बसवलाय की झ्याक!" मग मी इतक्या वर्षांनी विचारलं, त्या दिवशी नियम का मोडलात?

"कोकरू एकटं पळत न्हाय मास्तर. त्येच्यामागं धनगराचं पोरगं असतंय."

"होतं का?"

"न्हवतं."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"पोरगंच न्हवतं की. काय दावून सांगनार? आन तुमचं तोंड तर खरंच फुटलं होतं."

 माफीचा शब्द अगदी ओठावर आला होता. तेवढ्यात सून चहा घेऊन आली, गप्पा पावसापाण्यावर गेल्या, आणि मी ठरवलं, पुढच्या खेपेला म्हणू.

पुढच्या खेपेला त्यांना त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे भिंतीला टेकवून बसवलेलं होतं. कपाळावर विभूती, गळ्यात हार. मान डावीकडं कलत होती. मी डाव्या बाजूनं हात लावला, त्यांच्या मुलानं उजवीकडून, आणि दोघांनी सारखा जोर ठेवल्यावर मान सरळ राहिली. मधेच मुलगा भजनी मंडळींना पाणी द्यायला उठला, तेव्हा मला माझा हात हलका करावा लागला. तेवढ्या वेळात मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, अण्णा, चुकलं माझं. कुणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकायचं त्यांनीही नाही.

परत येताना सोलापूरहून बार्शीची गाडी धरली. जागा होती, तरी मी ड्रायव्हरच्या मागं, मागं तोंड करून उभा राहिलो. वैराग सोडलं, उतार लागला, आणि त्या जागेवर माझे गुडघे आपले आपण वाकले, अंग ब्रेकसाठी कलतं झालं. रस्ता मोकळा असणार, कारण गाडी त्याच चालीनं पुढं गेली. मी समोरच्या सीटवर आपटलो. तिथल्या बाईनं माझा दंड धरला.

"बाबा, बसा की. कशाला उभं ऱ्हातायसा?"

"बसतो," म्हणालो. पण बार्शी येईपर्यंत उभाच राहिलो.