शेततळ्याला युरिया

कापूस पिकवणाऱ्या माणसाला एकच कळतं बाई, हिरवं दिसलं म्हणजे चांगलं. आमच्या ह्यांनी शेततळ्यात रोहू-कटल्याची पिलं सोडली होती. ती चांगली मोठी झाली. मग ह्यांना पाणीच फिकं वाटायला लागलं, अन् कापसाच्या पऱ्हाटीला टाकतात तसा तळ्यात युरिया टाकला! वरून म्हशीच्या वाटणीची सरकीची ढेप. थोड्याच दिवसांत शेवाळानं पाणी असं हिरवंकच्च झालं, की ह्यांनी शेजारच्या वावरातली माणसं बोलावून दाखवलं. म्हशीनं मात्र वास घेतला अन् माघारी फिरली.

"तिले काय समजते?" हे म्हणाले.

रविवारी इवाई जेवायला येणार होते, म्हणजे व्याही, लेकीचे सासरे. "घरच्या मासोळ्या खाऊ घालतो," असं ह्यांनी फोनवर मोठ्या तोंडानं सांगून ठेवलेलं. त्या सकाळी आम्ही तळ्यावर जाऊन पाहतो तर साऱ्या मासोळ्या वर आलेल्या, तोंडं उघडून मचमच करताहेत.

"पाह्य, मले ओळखतात! भुकेल्या हायेत," म्हणून ह्यांनी ओंजळभर ढेप टाकली. एकही खाईना. दोन-चार तर पांढरं पोट वर करून तरंगत होत्या.

तेवढ्यात इवाई आले, कडक इस्तरीचा पांढरा पायजमा घालून. पाणी पाहिलं अन् ओरडलेच.

"इवाई, ढेप कायले टाकता! जीव गुदमरून राह्यला त्यायचा. हे शेवाळ रातभर पाण्यातली हवा खाते. मोटर लावा, पाणी उंचावरून पडू द्या!"

"तुमाले कसं माहीत?"

"माह्या तळ्यातल्या साऱ्या मेल्या ना!"

मग काय! पाइप बांबूला बांधला, विहिरीचं पाणी धो-धो तळ्यात पाडलं. जाळं म्हणून माझी जुनी साडी आणली. ह्या काठाला हे, त्या काठाला इवाई, अन् मधून शेवाळ ओढणं चाललं. पायजमा गुडघ्यापर्यंत हिरवा.

मी म्हटलं, "इवाईबुवा, पाहुणचार कसा काय वाटला?"

"इहीणबाई, हसू नका, चहा मांडा!"

दुपारपर्यंत मासोळ्या खाली जाऊन फिरायला लागल्या. मी वावरातच चूल पेटवली, मसाला वाटून तयार. म्हटलं, "धरा आता दोन."

दोघंही माझ्या अन् तळ्याच्या मधे येऊन उभे राहिले.

"अहो इहीणबाई," इवाई म्हणाले, "आत्ताच त त्यायच्या जिवात जीव आला!"

शेवटी पिठलं टाकलं. तेही इवाईंनी धड खाल्लं नाही. दोनदा ताटावरून उठून तळ्यावर पाहून आले.