समोरच्या बाकावरून

रंजनाबेन मूळच्या धुळ्याच्या. सुरतेतल्या एका मराठी शाळेत बारावीला समाजशास्त्र शिकवतात. वर्गातली बहुतेक मुलं खानदेशातून आलेल्या कामगारांची. प्रश्न विचारला की गाईडातलं उत्तर घडाघडा म्हणायची, 'कशावरून?' म्हटलं की खाली बघायची. म्हणून बेननी एक रीत पाडली. आधी आपलं मत सांगायचं, मग समोरच्या बाकावर जाऊन विरुद्ध बाजू तितक्याच मनापासून मांडायची. मुख्याध्यापक काशिनाथ सर कुरकुरत, "अभ्यासक्रम मागे पडतोय, बेन." त्या हसून वेळ मारून नेत.

एकदा विषय होता, बारावीनंतर मुलींचं लग्न लगेच करावं का. सोनाली तावातावाने "नाही" म्हणाली. मग समोरच्या बाकावर गेली. आईच्याच बोलीत पुटपुटली, "आम्ही दोन्ही कामले जातस, पोर घरमा एकटी ऱ्हास..." आणि तिला रडू फुटलं.

तास संपल्यावर कळलं, तिची सोयरीक नंदुरबारला ठरत आली होती. रंजनाबेनना अपराध्यासारखं झालं. पोरीची दुखरी जागा आपण भर वर्गात उघडी पाडली, हे त्यांच्या मनातून जाईना.

दोन दिवसांनी सोनाली स्वतःच आली. "बेन, मी आजवर आईशी फक्त भांडत होते. काल विचारलं, तुला भीती कशाची वाटते? तिला भीती आहे ती शाळा सुटल्यावर मी घरी एकटी असते, गल्लीतली पोरं दाराशी घोटाळतात, याची. बाकी काही नाही."

बेन तडक काशिनाथ सरांकडे गेल्या. शाळा सुटल्यावर आईवडील कामावरून येईपर्यंत मुलींना बसायला दुपारी एक वर्ग उघडा ठेवा, मी थांबते, म्हणाल्या. सर आधी शिपायाचं, मग किल्लीचं कारण सांगत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं, पण अभ्यासच झाला पाहिजे."

पुढच्या आठवड्यात सोनालीची आई सरलाबाई सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून सुट्टी काढून शाळेत आली. तो वर्ग तिने दारातून नीट न्याहाळला. आत पाच-सहा मुली वाचत बसल्या होत्या.

"तुम्ही सोता थांबतस ना?" तिने विचारलं.

"रोज."

"मंग नंदुरबारवाल्यांना वरीसभर थांबा सांगते. पुढचं पुढे बघू."

वर्षच मिळालं होतं, तरी रंजनाबेनना हायसं वाटलं. सोनालीने आईला फाटकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन खिडकीपाशी पुस्तक उघडलं.