आवाज मागून टाकू

एका दिग्दर्शकाने आमच्या आंजी गावात सिनेमाचं शूटिंग केलं, तेव्हा माझ्या आईला त्यात सुईणीची भूमिका दिली होती. तो सिनेमा कधी पुरा झालाच नाही. आई गेल्यावर तिचा आवाज एकदा ऐकावा म्हणून मी त्याला शोधत हिंगणघाटला गेलो. कापसाच्या एका जिनिंगमध्ये तो वजनकाट्यावर नोकरीला होता.

"आवाज नाई त्यात, भाऊ," तो खाली पाहत म्हणाला. "मागून स्टुडिओत टाकू म्हटलं होतं. तिथंच अडकला पिक्चर."

तरी त्याने लॅपटॉपवरचा कापूस बाहीने पुसला आणि सिनेमा लावला. आई चुलीपुढे बसून सिनेमातल्या सुनेशी बोलत होती. नुसते ओठ हलत होते. तो हलकेच त्या ओठांशी जुळवून तिचे संवाद म्हणू लागला. आई थांबली की तोही थांबायचा. मग सुनेचं बोलणंही त्यानेच म्हटलं.

"सगळ्यायचं पाठ हाये तुमाले?"

"नऊ वर्सं झाले. रोज जेवतानी लावतो. दुसरं कोन पाह्यते?"

बाहेर कापसाची गाडी आली, तसा तो उठून काट्यावर गेला. आई बोलतच राहिली. काय म्हणत होती, ते मला कळेना.