सासऱ्यांचे कडू अक्रोट

सासरे काश्मीरच्या सहलीहून आले, ते सोललेल्या अक्रोटांची भलीमोठी पिशवी घेऊनच. मी घट्ट झाकणाचा डबा काढला आणि फ्रीजमध्ये ठेवते म्हटलं.

"फ्रीजमंदी भाजी ठेवतेत. हा सुका मेवा आहे," असं म्हणून त्यांनी पिशवीच्या तोंडाला रबर लावलं आणि ती टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवली. त्या फळीवर दुपारभर ऊन. आमचं घर बोरगाव मेघेला, गच्चीखालच्या मजल्यावर. उन्हाळ्यात तिथे मेणबत्तीसुद्धा कंबरेत वाकते.

मे महिन्यात मी त्यातला एक अक्रोट तोंडात टाकला आणि थेट बेसिनकडे धावले. जुन्या ऑइलपेंटच्या डब्यासारखा वास! गर पिवळा पडला होता, बोटांना तेल लागत होतं.

"बाबा, हे खवट झालेत. फेकून देऊ?"

"काऊन? अक्रोट कडूच राह्यते. मी रोज खाऊन राह्यलो, काही झालं काय मले?"

पोटाला काही झालं नव्हतं, हे खरं. तोंड मात्र रोज वाकडं व्हायचं, आणि मेंदूला चालना मिळाली की असं होतं, अशी त्यांची समजूत होती. मी गुपचूप दुकानातून ताजे अक्रोट आणून त्यांच्या वाटीत ठेवले. ते चावून त्यांनी मला बोलावलं. "सूनबाई, हे खराब दिसते. याले कडूपणाच नाई."

रोज सकाळी, पूर्वी त्यांच्या शाळेत शिकवणारे एक काका फिरायला जाण्यासाठी त्यांना बोलवायला येत. सासरे आग्रहाने त्यांच्या हातावरही अक्रोट ठेवत. एकदा हे काका चहाला थांबले, तेव्हा मी सरळ विचारलं, "काका, खरं सांगा, कसे लागतात अक्रोट?"

काकांनी आधी कपाकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"सर, राग नका मानू. पहिल्या दिवशी खाल्ला, तं दुपारपर्यंत जीभ कडू. तवापासून खिशात टाकतो अन् कुंपणापाशी सोडतो. एक खार आली, हुंगलं अन् निघून गेली."

"मंग सांगाचं ना मले!"

"तुम्ही हेडमास्तर होते ना, सर."

चहा संपवून सासऱ्यांनी स्वतः पिशवी उतरवली आणि कचऱ्यात टाकली. मी आणलेले ताजे अक्रोट त्यांनीच बरणीत भरले आणि फ्रीजमध्ये ठेवले. मला वाटलं, संपलं.

पण आता त्यांना हुंगण्याचं वेड लागलं. शेंगदाणे, खोबरं, तीळ, सगळे डबे उघडून नाक आत. चिडायलाही जागा नव्हती, कारण त्यांचं बरोबर निघायचं. सणासाठी जपून ठेवलेली माझी चारोळी अशीच गेली.

मग ते हिंगणघाटला लेकीकडे राहायला गेले. दुसऱ्याच दिवशी नणंदेचा फोन.

"वहिनी, बाबाले काय झालं व? माह्या सासूबाईंनी बदाम समोर ठेवले, तं एकेक हुंगून राह्यले! म्हणे, हे फेकून देजो."

"मग? खवट होते का?"

"होते ना! म्हणून तं सासूबाई सकाळपासून माह्याशी बोलून नाई राह्यल्या."