मागची दाढ आणि निळा कागद

तीस वर्षं बातमीदारी केली, पण तुर्भ्यातल्या आमच्या दातांच्या डॉक्टर मॅडमच्या वेटिंग रूममध्ये बसलं की जेवढे किस्से मिळतात, तेवढे पत्रकार परिषदांमध्ये कधी मिळाले नाहीत. पहिला माझाच.

माझा एक दात पडला. मॅडम म्हणाल्या, ब्रिज बसवू, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधे पक्का नवा दात; त्यासाठी ते दोन्ही दात मशीनने घासून बारीक करावे लागतील. मी भडकलो. "एकासाठी दोन निरपराधांना शिक्षा?"

"मधल्याचं ओझं तेच उचलणार," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्यातली मागची दाढ कमकुवत आहे. ती गेली की ब्रिज गेला. मग काढा-घालायची कवळी."

कवळी! मी मुकाट्याने तोंड उघडलं.

*

दुसरे पेशंट सावंत, न्हावा शेवा बंदरात कंटेनर यार्डाचे सुपरवायझर. त्यांचे सलग चार दात गेलेले. दोन बाजूंच्या दोन दातांवरच ब्रिज टाका म्हणून हटून बसले. मॅडमनी विचारलं, तुमच्याकडे क्रेनवर जास्त लोड आला तर?

"आमी उचलूच देत नाय."

"मग दोन दातांकडून सहांचं ओझं का उचलून घेताय?"

सावंतांनी निमूटपणे कवळीचं माप दिलं.

*

बोनकोड्याच्या आजींचा ब्रिज उजवीकडे. दोन महिन्यांनी डावी बाजू ठणकते म्हणून आल्या. उजवीकडून चावतच नव्हत्या. का, तर म्हणाल्या, "नवा हाय ना. सनाला वापरीन."

*

माझा ब्रिज बसला. मॅडमनी दातांत निळा कागद धरून चावायला लावलं आणि जिथे गडद डाग उमटला तिथे मशीन चालवलं. नवाकोरा दात घासताय? मी पुन्हा भडकलो.

"केसाएवढा उंच राहिला तरी मार त्या दाढेला बसतो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "आत्तासुद्धा दात आवळलेत तुम्ही. राग आला की आवळता. दाढ वाचवायची असेल तर ओठ मिटलेले, दात सुटे."

सवय मोडावी म्हणून त्यांनी निळ्या कागदाच्या चार पट्ट्या दिल्या. राग येईलसं वाटलं की एक दातांत धरायची, आवळले की डाग दिसेल.

*

परवा पत्रकार परिषदेत मी पट्टी धरूनच बसलो. पालिकेचे साहेब म्हणाले, तुर्भ्यात धुळीची तक्रार उरलेलीच नाही. मी ओठ मिटलेले ठेवले. एकही प्रश्न विचारला नाही. आयुष्यात पहिल्यांदा!

तिथून थेट दवाखान्यात गेलो. मॅडम खिडकीची काच पुसत होत्या, त्या दिवसात तिसऱ्यांदा. मी पट्टी पुढे केली. तिला दोन भोकं पडली होती.

"काय म्हणाले साहेब?"

मी शब्दन् शब्द सांगितला.

मॅडमनी हातातलं धुळीनं काळं पडलेलं फडकं खाली ठेवलं, डबीतून एक निळी पट्टी काढली आणि स्वतःच्या दातांत धरली.